सुभद्रा मागे राहिली



आजचं वाचन : महाभारत, महाप्रास्थानिक पर्व, अध्याय पहिला.

मौसल पर्व काल संपलं. महाप्रास्थानिक हे सतरावं पर्व, आणि इतकं छोटं की एका बैठकीत वाचून होतं. अध्याय तीनच. यातलं लोकांना काय आठवतं ते सांगायला नको. हिमालयाची वाट, एकेक जण कोसळतो आणि शेवटी उरतात युधिष्ठिर आणि कुत्रा. कीर्तनात तेच, मालिकांत तेच, रीलमध्येही तेच. पहिला अध्याय मात्र बहुतेक जण भराभर उरकतात, कारण त्यात काही घडतच नाही असं वाटतं. निघण्याआधीची आवराआवर, बस. पण मला आज त्या आवराआवरीतच थांबायचंय.

आधी कुठे आहोत ते बघू. यादवकुळ आपसात लढून संपलंय. कृष्ण गेला, बलराम गेला. वसुदेवांनीही प्राण सोडला. द्वारका समुद्रात गेली. अर्जुन तिथून उरलेल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं घेऊन निघाला, वाटेत लुटला गेला, गांडीव असून त्याचं काही चाललं नाही. जे वाचले त्यांची त्याने ठिकठिकाणी सोय लावली. त्यात एक मुलगा होता, वज्र. कृष्णाचा मुलगा प्रद्युम्न, प्रद्युम्नाचा अनिरुद्ध आणि अनिरुद्धाचा हा वज्र. म्हणजे कृष्णाचा पणतू. बाप, आजोबा, पणजोबा, सगळे एकाच वेळी गेलेले. रुक्मिणी, जांबवती अग्नीत गेल्या, सत्यभामा वनात गेली. पाठीवर हात ठेवायला घरातलं मोठं माणूस म्हणून जवळजवळ कोणी उरलं नाही. त्याला अर्जुनाने इंद्रप्रस्थात गादीवर बसवलं.

आणि हस्तिनापुरात परीक्षित. हा तर जन्माला यायच्या आधीच बापाला मुकलेला. कुळ क्षीण झाल्यावर जन्मला म्हणून त्याचं नाव परीक्षित, असं व्यास सांगतात.

आता युधिष्ठिराला सगळं सोडून जायचंय. तो काय करतो बघा. पहिल्यांदा युयुत्सूला बोलावतो आणि राज्याचा कारभार त्याच्या हाती देतो. युयुत्सू हा धृतराष्ट्राचा मुलगा, वैश्य स्त्रीच्या पोटी झालेला, युद्धाच्या तोंडावर पांडवांकडे आलेला. नात्याने परीक्षिताचा चुलत आजोबाच. मग युधिष्ठिर परीक्षिताला अभिषेक करतो. मग सुभद्रेकडे वळतो. पुढे श्राद्धं, दानं उरकल्यावर कृपाचार्यांचा सन्मान करून परीक्षिताला त्यांचा शिष्य म्हणून त्यांच्या स्वाधीन करतो. कारभारी, आजी, गुरू. एवढी घडी बसवल्यावरच तो लोकांना बोलावून सांगतो की आम्ही निघालो.

(एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. युद्धाला तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती, त्यामुळे वयाचा हिशोब केला तर परीक्षित काही कुकुलं बाळ नव्हता. खरं आहे. पण व्यासांनी त्याला इथे ज्या रीतीने कारभाऱ्याच्या आणि गुरूच्या ओटीत घातलंय ती रीत पोरक्या मुलाचीच आहे. आणि वज्र तर पोरकाच.)

आता सुभद्रेशी तो काय बोलतो ते. व्यास म्हणतात, दुःखाने व्याकूळ होऊन राजा तिच्याशी बोलला. अर्थ असा : हा तुझ्या मुलाचा मुलगा कुरूंचा राजा होईल. यदुकुळात उरलेला वज्रही राजा झालाय. एक हस्तिनापुरात, एक इंद्रप्रस्थात. वज्राचं रक्षण तू करायचंस. आणि अधर्माकडे मन जाऊ देऊ नकोस.

एवढंच. पण हे कोणाला सांगितलंय? जिचा सोळा वर्षांचा मुलगा चक्रव्यूहात मारला गेला तिला. जिचे दोन्ही भाऊ आत्ताच गेले तिला. जिचा नवरा तिच्यासमोर वल्कलं नेसून कायमचा निघालाय तिला. द्रौपदी पाच जणांबरोबर चालली. उलूपी गंगेत शिरली, चित्रांगदा माहेरी मणिपूरला गेली. उरलेल्या स्त्रिया परीक्षिताभोवती जमल्या, असं अध्यायाच्या शेवटाकडे येतं. सुभद्रेला स्वर्गाची वाट नाही, माहेर नाही, वनसुद्धा नाही. तिच्या वाट्याला दोन मुलं आली. एक नातू आणि एक भावाचा पणतू.

मी आज या जागी थांबले, कारण आमच्या भजनी मंडळात एक आजी येतात. वय त्रेसष्ट. चार घरी पोळ्यांची कामं करतात. त्यांची मुलगी अडीच वर्षांपूर्वी आजारात गेली. जावयाने वर्षाच्या आत दुसरं घर केलं, दुसऱ्या जिल्ह्यात, आणि फोन बंद. नात पाचवीत, नातू दुसरीत. एकादशीला भजनाला येतात तेव्हा नातू त्यांच्या मांडीवर झोपतो आणि त्या एका हाताने टाळ वाजवल्यासारखं करतात.

गेल्या वर्षी कोणीतरी त्यांना सांगितलं की सरकारची योजना आहे, नातवंडांसाठी पैसे मिळतात. त्यावर मंडळातल्याच एका काकांचं उत्तर : "देवाने पदरात टाकलंय, देवच बघेल. सरकारचं मिंधं कशाला व्हायचं?"

काका वाईट नाहीत. दर दिवाळीला त्या मुलांना कपडे तेच घेतात. पण हा विचार आपल्या भक्तमंडळींत फार आहे, तरुणांतही आहे. अनन्य भक्ताचा योगक्षेम भगवंत वाहतो असं गीतेत वचन आहे. एलआयसीच्या दिव्याखाली तेच शब्द असतात, त्यामुळे गीता न वाचलेल्यालाही ते पाठ असतात. मग हात पसरायचा कशाला, असा प्रश्न.

याचं उत्तर मला या अध्यायात दिसतं. भगवंतावर युधिष्ठिरापेक्षा जास्त भरवसा कोणाचा असणार? त्याने तर भगवंताला डोळ्यांनी पाहिलं, त्याच्याबरोबर जेवला, भांडला. आणि मुलं कोणाची होती? एकाला तर भगवंताने स्वतः जिवंत केलेलं, दुसरा भगवंताचाच पणतू. या दोघांच्या बाबतीत 'देव बघेल' म्हणून निघून जायचा हक्क कोणाला असेल तर तो युधिष्ठिराला. त्याने तसं केलं नाही. आधी कारभारी नेमला, मग आजीला सांगितलं की तू सांभाळ, आणि निघण्याआधी गुरूही नेमला.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण काय करतो? आधी आजीला सांगतो, तूच सांभाळ, तुझ्यासारखी माया कोण करणार. तिला नमस्कार करतो. तिच्यावर पोस्ट लिहितो. कारभारी आणि गुरू यांचं मात्र पुढे कधीतरी बघू.

योगक्षेम या शब्दाचा आचार्यांनी केलेला अर्थ सरळ आहे. जे नाही ते मिळणं म्हणजे योग, आणि जे आहे त्याचं रक्षण म्हणजे क्षेम. भगवंत हे वाहतो, पण कोणाच्या खांद्यांवरून? राज्य चालवणाऱ्याचा खांदाही त्यातच येतो. आपल्याकडे तो तसा मानलाही जायचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणाच्या पहिल्याच अध्यायात, जिथे नवी गावं वसवण्याचा विषय चाललाय तिथेच, राजाने कोणाला पोसायचं ते सांगितलंय : लहान मुलं, म्हातारे, आजारी, संकटात सापडलेले आणि अनाथ. तिथेच पुढे म्हटलंय की पोरक्या मुलाची मालमत्ता गावातल्या वडीलधाऱ्यांनी ते मूल सज्ञान होईपर्यंत सांभाळावी, नुसती सांभाळू नये तर वाढवावी. आणि त्याच सूत्रात, त्याच दमात, देवाच्या मालमत्तेचंही तेच सांगितलंय. म्हणजे पोरक्या मुलाचा पैसा आणि देवाचा पैसा एका रांगेत. देवळाच्या दानपेटीकडे आपण ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने या मुलांच्या हक्काच्या पैशाकडे बघायला हवं. त्याला भीक म्हणणं हे देवळाच्या उत्पन्नाला भीक म्हणण्यासारखंच झालं.

तर आज आपल्याकडे काय आहे? थोडं कोरडं आहे, पण वाचा.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. आता तिचं पूर्ण नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. नाव योग्य बाईंचं आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी यशवंत या विधवेच्या मुलाला दत्तक घेऊन वाढवलं, डॉक्टर केलं, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. ही योजना अठरा वर्षांखालच्या अशा मुलांसाठी आहे ज्यांचे आईवडील नाहीत, किंवा एकच आहे, किंवा असून सांभाळू शकत नाहीत. दुर्धर आजार, तुरुंगवास, सोडून जाणं, अशी कारणं. मूल आश्रमात न जाता घरच्या वातावरणात, आजी-आजोबा, मामा, काकू यांच्याकडे वाढावं हा हेतू. दर मुलामागे महिन्याला २२५० रुपये. आधी ११०० होते, २०२३ मध्ये वाढले.

केंद्राची मिशन वात्सल्य ही योजना वेगळी. तिच्यातल्या प्रायोजकत्वाच्या भागात महिन्याला ४००० रुपये आहेत, आणि नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलं त्यात स्पष्टपणे धरली आहेत. अट उत्पन्नाची : ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत. कोविडमध्ये ज्यांचे दोन्ही पालक गेले त्यांच्यासाठी २०२१ मध्ये पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेन आली, त्यात मूल तेवीस वर्षांचं झाल्यावर हाती पडणारे दहा लाख आहेत, आणि महाराष्ट्र सरकारने अशा मुलांच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली. ती मुलं आता दहावी-बारावीला आलीत. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर त्याच्या नावाचं पासबुक कोणाकडे आहे, हे एकदा विचारा. आगाऊपणा वाटला तरी विचारा.

स्वतः आजीसाठीही एक आहे, पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्या निराधारांसाठीची. तिचं नाव श्रावणबाळ. ज्या घरातलं कर्तं लेकरूच गेलं त्या घरातल्या म्हातारीने श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरायचा. नाव देताना हे कोणाच्या मनात आलं असेल का, कोण जाणे.

२२५० रुपयांत काय होतं, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. रोजचं अर्धा लिटर दूध धरलं तरी नऊशेच्या आसपास जातात. मूल वाढवायला हे पैसे पुरत नाहीत, ते आजीच्याच कष्टांवर वाढतं. पण त्या पैशांनी काय फरक पडतो ते पुढे सांगते, कारण आजींच्या घरी मी तो पाहिलाय.

आजींचा अर्ज अडला तो पैशांपाशी नाहीच. तो अडला भीतीपाशी. काकांच्या बोलण्याचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, त्या कमिटीपुढं उभं केलं की पोरं आश्रमात टाकतात म्हणे. मला नकोत पैसे."

ही भीती घरोघरी आहे. आणि समजण्यासारखी आहे. ज्या बाईने मुलीला आत्ताच गमावलंय, तिला कोणीतरी सांगतंय की आधी एका समितीसमोर ये, ती ठरवील नातवंडं तुझ्याकडे ठेवायची की नाही. घरी माणूस येऊन बघून जाणार, शेजाऱ्यांना विचारणार. अपमान वाटणारच. कायद्याचंही असं की आजी ही नैसर्गिक पालक नसते. १९५६ च्या कायद्यात बाप आणि आई, एवढेच. रात्री तापात उशाशी बसते ती आजी, पण शाळेच्या फॉर्मवर सही मागतात बापाची.

म्हणून मला सुभद्रेला सांगितलेलं ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचावंसं वाटतं. अधर्माकडे मन जाऊ देऊ नकोस. हे काय सांगायची गोष्ट आहे? कृष्णाची बहीण ती, अर्जुनाची बायको, अभिमन्यूची आई. तिच्या मनात अधर्म येईल असं युधिष्ठिराला वाटलं?

मला वाटतं, त्याला माणसाचं मन माहीत होतं. तिच्याकडे दोन मुलं होती. एक पोटच्या पोराचं पोर, दुसरं भावाकडचं. दोघांनाही राज्य. उद्या हस्तिनापूरच्या नातवाला इंद्रप्रस्थही असावं असं आजीला एका क्षणी वाटलं तर? किंवा उलटं, माहेरच्या कुळाचा एकच अंकुर उरलाय म्हणून सगळी माया तिकडेच वळली तर? वज्राचं नाव घेऊन त्याचं रक्षण कर असं मुद्दाम सांगितलंय, कारण नातवाचं रक्षण आजी न सांगताही करणार. ज्या घरात स्वतःची नातवंडं आणि गेलेल्या पुतणीचं पोर एकत्र वाढतात, त्या घरात दुधाची साय कोणाच्या पेल्यात जाते हे ती मुलं बरोबर बघत असतात.

तर युधिष्ठिराने सुभद्रेलाही विचारणा केल्यावाचून सोडलं नाही. आणि ते त्याने दुःखाने, प्रेमाने केलं. तिच्यावर विश्वास होता म्हणूनच मूल तिच्याकडे दिलं, आणि मूल लहान आहे म्हणूनच बजावलंही. दोन्ही एकाच श्वासात. घरी चौकशीला येणारं माणूस मला त्या वाक्यासारखं वाटतं. ते आजीवर संशय घ्यायला येत नाही, निदान येऊ नये. ते मुलाच्या बाजूने येतं. एखाद्या काकाने जमिनीसाठी पुतण्याला ठेवून घेतलं असेल, एखाद्या मावशीकडे दहा वर्षांची मुलगी मोलकरणीसारखी राबत असेल, तर तिथे कोणीतरी जाऊन बघायलाच हवं ना? नातं आहे म्हणजे माया आहेच, असं महाभारत वाचलेल्या माणसाने तरी म्हणू नये. लाक्षागृह नातेवाइकांनीच बांधलं होतं.

आजींना मी हे सगळं सांगितलं नाही, त्यांना सुभद्रेची गोष्ट माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना एवढंच सांगितलं की २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा अगदी शेवटचा उपाय मानलाय, घर आधी. आणि समितीचा आदेश निघाला की उलट नातवंडं त्यांच्याकडे आहेत हे कागदावर येतं. आज ते कुठेच लिहिलेलं नाही. उद्या जावई दारात उभा राहिला तर आजी दाखवणार काय?

या शेवटच्या प्रश्नावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "चल, कधी जायचं सांग."

मंडळातली दोन मुलं त्यांच्याबरोबर गेली, मी दोनदा गेले. पहिल्याच खिडकीवर सांगितलं, बापाला घेऊन या. बाप सापडत असता तर आजी खिडकीवर कशाला आल्या असत्या? मुलीच्या मृत्यूच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ते जुळवण्यात पाच आठवडे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, आजींचं पासबुक, मुलांबरोबर घराच्या दारातला फोटो. आजींना वाचता येतं पण फॉर्मवरची भाषा कळत नाही, आणि खरं सांगू का, एम.कॉम. झालेल्या आमच्या मुलालाही एक रकाना दोन वेळा वाचावा लागला. एका दिवसाची खेप म्हणजे आजींची त्या दिवशीची चारही घरं बुडाली. एक घर तर त्यांना याच भानगडीत सुटलं.

बालकल्याण समितीसमोर बसायचा दिवस आला तेव्हा आजी पहाटे काकडआरतीला जाऊन आल्या होत्या. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तिथल्या एक बाई नातीशी बोलायला तिच्या शेजारी येऊन बसल्या. विचारलं, "तुला कुठे राहायला आवडेल?" पोरगी म्हणाली, "आजीकडे." आणि थोडं थांबून, "पण आजीनं दुपारी झोपलं पाहिजे. ती झोपतच नाही."

आदेश निघाला. पहिले पैसे खात्यात यायला त्यानंतरही सात महिने गेले. हे सांगायलाच हवं, नाहीतर वाचून कोणाला वाटेल अर्ज केला की झालं. त्या सात महिन्यांत आजींनी दोनदा उसने घेतले.

पैसे आल्यावर त्यांनी काय केलं? दोघांचे मिळून महिन्याला ४५००. उसने फेडले, दोघांना दप्तरं घेतली. आणि सुटलेलं चौथं घर भरून काढायला नवं काम शोधत होत्या, तो शोध थांबवला. चौथं घर संध्याकाळचं होतं, सहा ते साडेआठ. त्या वेळात नात धाकट्याला घेऊन एकटी घरी असायची. आता आजी घरी असतात. पोरं अभ्यास करतात, आजी समोर बसून भाजी निवडतात. अडीच तास. एवढं झालं त्या पैशांनी.

दुपारच्या झोपेचं मात्र अजून जमलेलं नाही. नात आठवण करून देते.

काका परवा भेटले. म्हणाले, "बरं झालं." मग हळूच विचारलं, त्यांच्या गावाकडे एक आजोबा आहेत, मुलगा-सून अपघातात गेले, दोन नाती आहेत, त्यांच्या जिल्ह्यात हे कुठे करायचं? मी सांगितलं तेच इथे लिहिते : जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय, तिथेच जिल्हा बाल संरक्षण कक्षाची चौकशी करायची. काहीच कळेना झालं तर १०९८ ला फोन, चोवीस तास, फुकट. काकांनी मोबाईलमध्ये लिहून घेतलं. दिवाळीचे कपडे तर ते घेतीलच.

तुमच्यातले बरेच जण दर शनिवारी सेवेला काय करू म्हणून विचारता. अन्नदान आहे, मंदिर झाडणं आहे, वारीत पाणी वाटणं आहे. त्यात हे एक घाला. तुमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन काका, गावाकडची एखादी चुलत आजी, यांच्या घरात कोणाचं तरी मूल वाढतंय का ते बघा. तुम्हाला फॉर्म भरता येतो, पीडीएफ उघडता येते, खिडकीवरच्या माणसाशी न घाबरता बोलता येतं. त्यांना ते येत नाही. युयुत्सूचं काम तसं फार मोठं दिसत नाही. त्याच्यावर कीर्तन कोणी करत नाही.

आणि सुभद्रेचं पुढे काय झालं? या पर्वात तिचं नाव पुन्हा येत नाही. स्वर्गारोहणात युधिष्ठिराला द्रौपदी दिसते, भाऊ दिसतात, कर्ण दिसतो, अभिमन्यू दिसतो. सुभद्रेची वाट मी दर वाचनात तिथे बघते. ती तिथे नसते. परीक्षित राज्य करतो, त्याला जनमेजय होतो, जनमेजयासमोर हे सगळं महाभारत सांगितलं जातं आणि आज ते माझ्या हातात आहे. ज्याच्यासमोर ते सांगितलं त्याच्या बापाची ती आजी.

उद्या दुसरा अध्याय. द्रौपदी पडते तिथपासून. वाचून या.

राम कृष्ण हरी.